गिऱ्हाइकाचा पूर्वपक्ष

आमच्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. त्यामुळें संध्याकाळीं दिवाबत्तीनंतर माजघरांत कोणाचें ना कोणाचें पाठांतर चालूच असतें. आम्ही लहान असतांना तें अमरकोशाचें असे. आतां नातवंडांचें पाढ्यांचें असतें. परंतु २०२१ सालच्या दिवाळीनंतर एके संध्याकाळीं जें पाठांतर आमच्या कानीं पडलें, तें ह्या दोहोंहून निराळें होतें. आमचा पुतण्या त्या वर्षीं आयुर्विम्याचा एजंट झाला होता. त्याच्या हातीं एक छापील कागद होता व त्यावर दोन रकाने होते. डाव्या रकान्यांत गिऱ्हाईक काय म्हणेल तें लिहिलेलें, उजव्यांत त्यावर विक्रेत्यानें काय म्हणावें तें. "सध्यां पैसे नाहींत," असें गिऱ्हाईक म्हणालें, तर "पैसे नाहींत म्हणूनच तर विमा हवा," असें म्हणावें. "हप्ता महाग आहे," असें म्हणालें, तर "घरच्या माणसांहून महाग आहे का?" असें विचारावें. "घरीं विचारून सांगतों," असें म्हणालें, तर "घरच्यांच्या हिताची गोष्ट घरच्यांना विचारावी लागते का?" असें हंसून म्हणावें. असे चौदा आक्षेप आणि त्यांचीं चौदा उत्तरें तो घोकीत होता.

आम्हांला त्या कागदाचें मोठें कौतुक वाटलें. उभ्या आयुष्यांत आम्हीं मुलांना संस्कृत शिकविलें. आक्षेप आणि उत्तर अशी जोडी दिसली कीं आमचें मन आपोआप पूर्वपक्ष-उत्तरपक्षाकडे वळतें. "अरे, हें तर आपलें शास्त्रच आहे," असें आम्ही त्याला म्हणालों, आणि त्याची उजळणी घ्यावयास बसलों. त्या उजळणीचा परिणाम काय झाला, तें ह्या महिन्यांत वाचकांना सांगावयाचें आहे. त्यांत आमची शोभा नाहीं. परंतु आज कित्येक घरांतील मुलें-मुली विक्रीच्या धंद्यांत शिरत आहेत, आणि कोणतेंही घर घेतलें तरी त्याच्या दारावर किंवा दूरध्वनीवर दिवसांतून चारदां कोणी ना कोणी कांहीं विकावयास येतच असतें. दोन्ही बाजूंस उभ्या असणाऱ्यांना ही हकीकत उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें ती लिहीत आहों.

आमच्या शाळेंत एक वृद्ध शिपाई होते. सर्व शाळा त्यांना 'मामा' म्हणे. आम्हीही मामाच म्हणत असूं. ते निवृत्त झाले तेव्हां जन्मांत पहिल्यानेंच त्यांच्या हातीं थोडी गोळा रक्कम आली. ही बातमी आम्हांला ठाऊक होती, आणि पुतण्याला पहिलें चांगलें गिऱ्हाईक मिळावें अशी इच्छाही होती. आम्हींच त्यांना बोलावणें धाडलें. मामा आले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि पुतण्याचें सर्व बोलणें त्यांनीं लक्षपूर्वक ऐकून घेतलें. वर्षाला चाळीस हजार रुपयांचा हप्ता होता. शेवटीं ते म्हणाले, "चांगलंच असेल. घरी विचारून सांगतो."

पुतण्यानें उजव्या रकान्यांतील वाक्य म्हटलें. आम्हीं शिकविल्याप्रमाणें अगदीं योग्य जागीं हंसून म्हटलें. मामांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान डोलविली. त्यांनीं सही केली.

पुढच्या वर्षीं हप्त्याची तारीख आली आणि गेली. तारखेनंतरची महिन्याभराची सवलतही संपली, आणि पॉलिसी बंद पडली. त्या वेळच्या नियमाप्रमाणें निदान दोन वर्षांचे हप्ते भरलेले असल्यावांचून अशी पॉलिसी मोडून कांहीं परत मिळत नसे. मामांचे चाळीस हजार रुपये गेले.

हें कळलें त्या रात्रीं आम्हांला झोंप लागली नाहीं. ज्याला आम्हीं मोठ्या हौसेनें 'आपलें शास्त्र' म्हटलें होतें, तें शास्त्र खरोखर काय सांगतें, ह्याचा विचार आम्ही तेव्हां प्रथम करूं लागलों.

मीमांसकांच्या अधिकरणाचीं पांच अंगें मानतात. आधीं विषय, मग त्यासंबंधींचा संशय, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, आणि शेवटीं निर्णय. हा क्रम महत्त्वाचा आहे. पूर्वपक्ष हा आकाशांतून पडत नाहीं. त्याच्या मागें संशय असतो. संशय कोणता तें ठरल्यावांचून पूर्वपक्ष नीट मांडतां येत नाहीं, आणि पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून त्याला उत्तर देण्याचा अधिकार पोंचत नाहीं. आपल्या भाष्यकारांची थोरवी ह्यांतच आहे कीं, प्रतिपक्षाचें म्हणणें ते इतक्या जोरानें मांडतात कीं, नवख्या विद्यार्थ्याला तेंच ग्रंथकाराचें मत वाटूं लागतें. पुतण्याच्या कागदावर पूर्वपक्ष होता, उत्तरपक्षही होता. परंतु संशयाचा रकानाच नव्हता. मामा 'घरीं विचारून सांगतों' असें कां म्हणाले, हें विचारण्याची त्यांत सोयच नव्हती.

नैयायिकांनीं तर ह्याहून स्पष्ट सांगितलें आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत संभाषणाचे तीन प्रकार आहेत. तत्त्व कळावें म्हणून जो करावयाचा, तो वाद. जिंकावें म्हणून जो करावयाचा, तो जल्प. आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें नुसतें खोडून काढावयाचें, ती वितंडा. जल्पांत छलाचा आश्रय घेतात. छल म्हणजे समोरच्याच्या शब्दाला त्याच्या मनांत नसलेला अर्थ चिकटवून त्याला निरुत्तर करणें. ह्याचें विद्यार्थ्यांना परिचित असें उदाहरण म्हणजे 'नवकंबल' हा शब्द. एकजण म्हणतो, 'ह्याच्यापाशीं नव कंबल आहे,' म्हणजे नवें कांबळें आहे. दुसरा म्हणतो, 'कोठें आहेत नऊ? मला तर एकच दिसतें.' वर्गांत हें उदाहरण सांगून आम्हीं कित्येकदां मुलांना हंसविलें आहे. पण 'हप्ता महाग आहे' ह्याला 'घरच्या माणसांहून महाग आहे का?' हें उत्तर म्हणजे तोच वाक्छल आहे, हें मात्र आमच्या ध्यानांत आलें नाहीं! गिऱ्हाईक बोलत होतें खिशाविषयीं; आपण तें प्रेमाविषयीं बोललें असें धरून त्याला लाजविलें. लाजलेला माणूस गप्प बसतो. गप्प बसणें म्हणजे पटणें नव्हे.

तेव्हां आक्षेप ऐकल्यावर पहिलें काम उत्तर देण्याचें नाहीं, त्याच्या मागचा संशय ओळखण्याचें आहे. आमच्या अल्प समजुतीप्रमाणें हा संशय बहुधा तीन प्रकारचा असतो.

पहिला भीतीचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १९०३ च्या सुमारास बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां शेतकरी म्हणत कीं, लोखंडानें जमिनीला विष बाधतें. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. आज हा आक्षेप ऐकून आपण हंसतों. परंतु क्षणभर त्या शेतकऱ्याच्या जागीं उभें राहून पाहावें. लांकडी नांगर त्याच्या आज्यापणज्यानें वापरलेला, गांवच्या सुतारानें घडविलेला, मोडला तर गांवांतच दुरुस्त होणारा. नवा नांगर फसला तर एक हंगाम बुडणार, आणि हंगाम बुडाला तर वर्षभर घरांतील मुलाबाळांनीं खावें काय? तो विषाविषयीं बोलत असला, तरी त्याचा संशय 'हें चुकलें तर नुकसान कोणाचें?' असा होता, असें आम्हांला वाटतें. लोखंडांत विष नाहीं, असें रसायनशास्त्राच्या आधारें सिद्ध करून ह्या संशयाला उत्तर मिळालें नसतें. अशा ठिकाणीं नांगर जमिनींत घालून दाखवावा लागतो, आणि पीक हातीं येईपर्यंत धीर धरावा लागतो. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, व हाच नांगर त्या कारखान्याची ओळख होऊन बसला, हें सर्वांस ठाऊक आहे. भीति वाक्यानें जात नाहीं, अनुभवानें जाते. आणि अनुभवाला वेळ लागतो. जो विक्रेता हा वेळ देण्यास तयार नसतो, त्याच्या मालाविषयीं त्याला स्वतःलाच भरंवसा नाहीं, असें खुशाल समजावें.

दुसरा संशय न्याय्य असतो, म्हणजे गिऱ्हाइकाचेंच बरोबर असतें. विम्याच्याच इतिहासांत ह्याचें उत्तम उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकांत ह्या देशांत धंदा करणाऱ्या परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाचा जीव अधिक धोक्याचा समजून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. अशा वेळीं एखादा हिंदी गृहस्थ 'तुमचा हप्ता महाग आहे' असें म्हणाला असता, तर त्याला कोणतें उत्तर शोभलें असतें? कितीही गोड बोलून तो महाग हप्ता स्वस्त झाला नसता. १८७० सालीं मुंबईस 'बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲश्युरन्स सोसायटी' स्थापन झाली, आणि तिनें हिंदी लोकांचे विमे सामान्य दरानें उतरविण्यास आरंभ केला. आक्षेपाला खरें उत्तर तें झालें. शास्त्रांतही कधीं कधीं पूर्वपक्षानें सिद्धान्ताला मुरड घालावी लागते. व्यापारांतही जो आक्षेप दहा गिऱ्हाइकांच्या तोंडून एकसारखा येतो, त्याचें उत्तर तोंडांत शोधूं नये; मालांत, दरांत किंवा अटींत शोधावें.

ह्या 'महाग' शब्दासंबंधीं आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बाजारांत हा आक्षेप सर्वांत अधिक ऐकूं येतो, आणि त्याचे निदान तीन अर्थ होतात. लुगडें पाहणारी बाई 'महाग आहे' म्हणते, तेव्हां पलीकडच्या दुकानांत तसलेंच पोत कमी किमतीस पाहिलें, असा एक अर्थ. लुगडें त्या किमतीचें आहे, पण यंदा आपल्याला परवडणारें नाहीं, असा दुसरा. आणि हें लुगडें इतक्या किमतीचें दिसत नाहीं, असा तिसरा. पहिलीला दोन्हींच्या सुतांतील फरक दाखवावा. दुसरीला तिच्या बेताचें दुसरें लुगडें काढून द्यावें. तिसरीला पदर उलगडून उजेडांत धरून दाखवावा. तिघींना एकच उत्तर देणारा दुकानदार दोघींच्या बाबतींत तरी चुकतोच. म्हणून 'कशाच्या मानानें महाग वाटतें?' एवढा साधा प्रश्न विचारावा, आणि विचारल्यावर स्वस्थ बसावें. हें स्वस्थ बसणें फार कठीण आहे. आम्हां शिक्षकांना तर तें मुळींच साधत नाहीं. मुलाला प्रश्न विचारून त्याचें उत्तर आपणच सांगून टाकण्याची आम्हांला खोड असते.

तिसरा संशय झांकलेला असतो. 'घरीं विचारून सांगतों' हें त्याचें नेहमींचें पांघरूण. त्याखालीं कधीं सरळ अर्थ असतो. एकत्र कुटुंबांत वडील माणसांना किंवा पत्नीला विचारल्यावांचून मोठा खर्च करूं नये, ही रीतच आहे, आणि ती चांगली आहे. कधीं त्याखालीं सौम्य नकार असतो. समोरच्याला तोंडावर 'नको' म्हणणें आपल्याकडे उद्धटपणाचें समजतात. आणि कधीं त्याखालीं अशी एखादी घरगुती गोष्ट असते कीं, ती चारचौघांत बोलतां येत नाहीं. ह्यांपैकीं कोणता अर्थ आहे, तें समोरच्या माणसाला मोकळें वाटलें तरच कळतें. जेथें भीड आहे, तेथें तें कधींच कळणार नाहीं. मामांच्या समोर त्या दिवशीं एजंटाशेजारीं आम्ही बसलों होतों. त्यांनीं तीस वर्षें ज्यांचा शब्द खालीं पडूं दिला नाहीं, ते गुरुजी मान डोलवीत होते. चौदा उत्तरांपेक्षां ती एक मानच जड झाली.

पॉलिसी बंद पडल्याचें कळल्यानंतर आम्ही पुतण्याला बरोबर घेऊन मामांच्या घरीं गेलों. आम्हीं आपली चूक कबूल केली आणि गेलेली रक्कम भरून देण्याची तयारी दाखविली. मामांनीं ऐकूनच घेतलें नाहीं. "गुरुजी, सही मी केली. तुम्ही काय माझा हात धरला होता?" असें म्हणून ते उलट आमचीच समजूत घालूं लागले. इतक्यांत मामी चहा घेऊन आल्या. किटलींतून चहा ओततांना त्या प्रत्येक कपाच्या कांठावर बोट ठेवून तो किती भरला ह्याचा अंदाज घेत होत्या. आम्हीं तें पाहिलें, पुतण्यानेंही पाहिलें. मामी म्हणाल्या, "तुमच्या शब्दाला हे नाही म्हणाले नसते, गुरुजी. पण मला विचारलं असतं, तर मीच नको म्हटलं असतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. त्याचेच पैसे होते ते."

त्यांच्या आवाजांत राग नव्हता. एखाद्या हिशेबांतील राहून गेलेली रक्कम सांगावी, तसें त्यांनीं तें सांगितलें. मामांच्या पूर्वपक्षाच्या मागें असलेला संशय हा असा आम्हांला उशिरा कळला. तो कळण्यासाठीं शास्त्राची गरज नव्हती. 'अवश्य विचारा, आम्ही आठ दिवसांनीं पुन्हां येतों,' एवढें म्हटलें असतें तरी पुरतें.

मामा पैसे घेण्यास शेवटपर्यंत तयार होईनात. तेव्हां आम्हीं आपला मोर्चा फिरविला आणि मामींनाच विचारलें, "दुसऱ्या डोळ्याचा खर्च आम्ही दोघांनीं केला, तर तुम्हांला चालेल का?" मामा कांहीं बोलणार, तोंच त्या म्हणाल्या, "चालेल." पंधरवड्याच्या आंत तें काम झालें.

आतां दोन शब्द व्यवहाराचे. विमा घेणाऱ्याला पॉलिसीचे कागद हातीं आल्यावर ते वाचून नापसंत ठरल्यास परत करण्यासाठीं कायद्यानें ठराविक मुदत दिलेली आहे. मामांच्या वेळीं ती सामान्यतः पंधरा दिवसांची होती; २०२४ पासून ती तीस दिवसांची झाली आहे. विम्याचे जेवढे दिवस उलटले असतील तेवढ्यांचा आकार, वैद्यकीय तपासणी व मुद्रांक ह्यांचा खर्च वजा जातां बाकीची रक्कम परत मिळते. त्याच वर्षीं विमा नियामक प्राधिकरणानें हप्त्यांच्या नव्या पॉलिसींसाठीं असाही नियम केला कीं, एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल, तर पहिलें वर्ष संपल्यावर पॉलिसी मोडणाऱ्यास कांहीं रक्कम परत मिळावी. 'घरीं विचारून सांगतों' असें म्हणण्याची सवड सही केल्यानंतरही कायदा देतो, ती ही अशी. ती आम्हांला तेव्हां ठाऊक असती, आणि आम्हीं ती मामांना सांगितली असती, तर त्या पंधरा दिवसांत मामींचा शब्द निश्चित ऐकूं आला असता. घरांतील कर्त्या माणसांनीं ही मुदत पॉलिसीच्या पाकिटावरच ठळक लिहून ठेवावी, आणि ते कागद घरांतील स्त्रियांच्या डोळ्यांखालून घातल्यावांचून कपाटांत टाकूं नयेत.

गिऱ्हाइकाच्या बाजूनें आणखी एक विनंति आहे. भिडेखातर खोटें कारण सांगूं नये. 'पाहूं', 'कळवितों', 'दिवाळीनंतर या' असें आपण सौजन्य म्हणून सांगतों. परंतु त्यामुळें विक्रेत्याच्या पोराला चार खेपा पडतात, आणि आपल्यालाही चारदां तोंड चुकवावें लागतें. 'ही वस्तु चांगली आहे, पण यंदा आम्हांला नको,' असें सरळ सांगण्यांत कोणताही अपमान नाहीं. चांगला विक्रेता अशा उत्तराबद्दल आभारच मानतो, कारण त्याचा वेळ वांचतो. वाईट विक्रेता त्यावरही वाद घालील. त्याला दार दाखविण्यास हरकत नसावी.

आमच्या पुतण्याचा तो छापील कागद अजून त्याच्यापाशीं आहे. उजवा रकाना त्यानें शाईनें खोडून टाकला आहे, आणि डाव्या रकान्यांतील प्रत्येक आक्षेपापुढें काय विचारावें तें आपल्या हातानें लिहिलें आहे. 'घरीं विचारून सांगतों' ह्यापुढें त्यानें प्रश्न लिहिलेला नाहीं. 'उठावें व पुन्हां कधीं येऊं तें विचारावें,' असें लिहिलें आहे. त्या वर्षीं त्याचा धंदा कमी झाला, हें येथें सांगितलें पाहिजे. मोडते घेणारीं गिऱ्हाइकें परत आलीं नाहींत, आणि त्याला वरिष्ठांचीं बोलणींही खावीं लागलीं. आतां बेताचा चालतो. परंतु त्यानें विकलेल्या पॉलिसींचे दुसऱ्या वर्षींचे हप्ते बहुतेक वेळेवर येतात, आणि ती गोष्ट तो आम्हांला दर वर्षीं न चुकतां येऊन सांगतो.

आम्ही मात्र त्याच्या कोणत्याही गिऱ्हाइकासमोर पुन्हां बसलों नाहीं. परवां तो विचारीत होता, "काका, उद्यां एक गृहस्थ येणार आहेत, तुम्ही असलांत तर बरं." आम्हीं सांगितलें, "आम्ही आंत बसतों. त्यांच्या पत्नीला बोलावलें आहेस ना, तें पाहा."